कुत्र्याला घासातला घास: कोल्हापूरच्या घरांतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी अकराच्या सुमाराला आमच्या मंगळवार पेठेतल्या कुठल्याही बोळातून चाला, घराघरातून मटणाचा वास येतो. घरात कुत्रं असेल तर ते त्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच सापडणार. आमच्याकडे दोघं बसतात. बंड्या लॅब्रॅडॉर आहे, तांबी गावठी, चौदा किलोची. नऊ वर्षं मी कुत्री पाळते. मी डॉक्टर नाही. पण एकदा माझ्याच हातून तांबीच्या जिवावर बेतलं होतं, आणि तेव्हापासून या विषयात जे मिळेल ते वाचत आले, आमच्या डॉक्टरांना विचारत आले. सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की लोक थांबवून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

आपण खाताना कुत्र्याला थोडं दिलं तर काय बिघडतं?

काय देता आणि किती देता, यावर आहे. पशुवैद्य एक साधा हिशेब सांगतात: दिवसभरात लागणाऱ्या कॅलरीपैकी वरच्या खाऊतून जास्तीत जास्त दहा टक्के, बाकी सगळं त्याच्या नेहमीच्या जेवणातून. तांबीएवढ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण आठशे कॅलरी लागतात. म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या ऐंशी. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास असतात. तीन बिस्किटांत दिवसाचा कोटा संपला.

आता घरात पाच माणसं असली आणि प्रत्येकाने "एकच दिलं" म्हटलं, की पाच बिस्किटं झाली. कुणीच खोटं बोलत नसतं. आमच्याकडे यावर एक उपाय चालला: सकाळी एका छोट्या डब्यात दिवसाचा खाऊ काढून ठेवायचा. ज्याला द्यायचं त्याने त्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की उद्या. सासऱ्यांना हे सांगताना मला अवघड वाटलं होतं, कारण कुत्र्याला घास देणं त्यांच्यासाठी पुण्याचं काम आहे. पण डबा त्यांच्याच ताब्यात दिल्यावर तेच सगळ्यांत काटेकोर झाले.

मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून दिली तर चालते का? आमच्या आज्या-पणज्या देतच होत्या.

नाही, चालत नाही. कोल्हापुरात राहणाऱ्यांसाठी हाच सगळ्यांत मोठा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंटरनेटवर कुत्र्यांच्या खाण्याबद्दल वाचलं की पहिलं नाव चॉकलेटचं येतं. आपल्या घरात चॉकलेट महिन्यातून एकदा येत असेल. कांदा-लसूण मसाला रोज दोन वेळा पडतो. हीच, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी आमटीत जाते, भाजीत जाते, उसळीत जाते, रश्श्यात तर मुठीने जाते. आणि कांदा-लसूण हे कुत्र्यासाठी विष आहे. त्यातले गंधकयुक्त घटक रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात, पेशी फुटायला लागतात आणि कुत्र्याच्या अंगातलं रक्त कमी होतं. कांदा शिजवला, तळला, वाळवला, पूड केली तरी हा गुण जात नाही. उलट वाळवलेल्या कांद्यात पाणी नसल्यामुळे वजनाच्या मानाने तो जास्त जहाल. लसूण कांद्याहूनही कडक. कच्च्या कांद्याचा हिशेब सांगतात तो असा: कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम पोटात गेला तर त्रास होऊ शकतो. दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरतात. आणि एकाच वेळी जायला पाहिजेत असंही नाही. रोज थोडं थोडं गेलं तरी नुकसान साठत जातं.

तांबीचं तसंच झालं. घरात बारसं होतं, पाहुणे आठवडाभर होते, आणि मोठ्या पातेल्यात तांबडा रस्सा उरला होता. तीन-चार दिवस मी तिला त्यात भाकरी कुस्करून घातली. खाताना ती इतकी खूश होती की मलाही बरं वाटत होतं. पाचव्या दिवशी ती जिना चढताना मधेच बसली. मी तिचा वरचा ओठ उचलून बघितला. एरवी गुलाबी असणारी हिरडी भाताच्या पेजेसारखी पांढरट दिसत होती. लघवी काळ्या चहाच्या रंगाची. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा-लसूण काय खाल्लंय का हिनं?" तिला पुन्हा नेहमीसारखं पळायला तीन आठवडे लागले.

यात फसवं हे आहे, की खाल्ल्याबरोबर काहीच दिसत नाही. त्रास दिसायला तीन ते पाच दिवस लागू शकतात. तोवर आपण रस्सा विसरून गेलेलो असतो. आज्या-पणज्यांच्या काळातलं कुत्रं दारात असायचं, चार घरी फिरायचं. ते कशाने मलूल पडलं आणि कशाने गेलं, हे कोण तपासून बघत होतं?

पांढरा रस्सा तिखट नसतो. तो तरी?

तिखटाचा प्रश्नच नाही. पांढऱ्या रश्श्यातही आलं-लसणाचं वाटण असतं, शिवाय नारळाचं दूध, काजू, खसखस यांची चरबी आणि मीठ. तोही नको.

मग आळणी, म्हणजे चटणी न घातलेलं मटणाचं पाणी? ती तर आम्ही लहान मुलांनाही देतो.

इथेच बहुतेक जण चुकतात, कारण आळणी म्हटलं की आपल्याला ते साधं, सोसणारं वाटतं. पण आपल्या घरच्या आळणीत मटण शिजवतानाच तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ पडलेलं असतं. चटणी तेवढी नसते. लहान मुलाला ती मानवते, कुत्र्याला नाही.

कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. देवाचा नैवेद्य आपण उष्टं होण्याआधी काढून ठेवतो, तसाच. मटण धुऊन झालं की चार तुकडे वेगळे काढा, छोट्या पातेल्यात नुसत्या पाण्यात शिजवा, हाडं काढा, वर आलेली चरबी काढा आणि त्या पाण्यासकट भात किंवा भाकरीत कालवा. पंधरा मिनिटांचं जादा काम आहे. कुत्र्याला चव त्या पाण्याचीच लागते, फोडणीची त्याला काही पडलेली नसते.

कच्चं मात्र देऊ नका, विशेषतः काळीज आणि फुप्फुस. शेळ्या-मेंढ्यांच्या अशा अवयवांत पाण्याच्या पुटकुळ्यांसारख्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात हायडॅटिडच्या गाठी होतात. दुकानातून "कुत्र्यासाठी" म्हणून कातर, म्हणजे मटणाचे उरलेसुरले तुकडे, आणत असाल तर पूर्ण शिजवा, आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या वेळेला चुकवू नका.

नळी, हाडं?

शिजवलेलं हाड देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, चावलं की टोकदार तुकडे पडतात आणि घशात, आतड्यात रुततात. कोंबडीचं असो, मटणाचं असो. नळीचं गोल हाड खालच्या जबड्यात बांगडीसारखं अडकतं, ते काढायला कुत्र्याला भूल द्यावी लागते. जेवणं झाली की ताटातली हाडं झाकणाच्या बादलीत टाका, आणि बादली कुत्र्याला पाडता येणार नाही अशा जागी ठेवा.

रंकाळ्यावर भेळ खाताना कुत्रं बघत राहतं. थोडी टाकली तर?

नुसते कोरडे चुरमुरे असतील तर मूठभर खुशाल द्या. भेळ देऊ नका. त्यात कच्चा कांदा आहे, मीठ आहे, फरसाणाचं तेल आहे. आणि आणखी एक वस्तू आहे, जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही: चिंच.

द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं का निकामी होतात, हे बरीच वर्षं उलगडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी चिंच आणि बेकिंगमध्ये वापरलं जाणारं क्रीम ऑफ टार्टर खाऊन मूत्रपिंडांना इजा झालेल्या कुत्र्यांची माहितीही त्यांनी प्रसिद्ध केली. चिंचेत हे आम्ल भरपूर असतं. तेव्हा चिंचेची चटणी, चिंचेचा कोळ घातलेली आमटी, मुलं चोखतात ती चिंचेची गोळी, हे सगळं कुत्र्यापासून लांब. भेळेचा द्रोण खाली टाकू नका. तो चाटायला रंकाळ्यावरचं एखादं कुत्रं येतंच.

भडंग?

जयसिंगपूरचा असो वा घरचा, भडंगाला चव येते ती लसणामुळे. नको. भडंग करायला घेताना त्यातले साधे चुरमुरे आणि बिनमिठाचे भाजलेले चार-पाच शेंगदाणे बाजूला काढा, तो झाला कुत्र्याचा भडंग. खारे शेंगदाणे नकोत.

मिसळ, कटवडा, भजी?

कटात कांदा-लसूण आहेच. पण समजा कट न लावता नुसता वडा दिला, तरी सारणात लसूण असतो आणि वर तळणाचं तेल. एकदम खूप तेल-तूप पोटात गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. एक-दोन दिवसांत उलट्या सुरू होतात, पोट दुखतं, कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून उभं राहतं, जणू नमस्कार घालतंय. ही खेळायची ढब नव्हे. असं वारंवार करत असेल आणि जेवत नसेल तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या.

दिवाळीच्या फराळातलं काय चालतं?

खरं सांगायचं तर जवळजवळ काहीच नाही. पण सगळ्याला एकच माप नको. साध्या शंकरपाळीचा एखादा तुकडा, चकलीचा छोटा तुकडा जमिनीवर पडला आणि कुत्र्याने उचलला, तर घाबरू नका. ते तेलकट आणि गोड किंवा खारट आहे, विषारी नाही.

घाबरायचं ते बेदाण्याला. सांगली-तासगाव आपल्या शेजारीच. घरात बेदाणा किलोने येतो आणि लाडवात, करंजीत, चिवड्यात, शिऱ्यात, प्रसादात सगळीकडे असतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातो. काही कुत्री मूठभर खाऊनही तशीच राहतात, काहींची मूत्रपिंडं थोड्याशाने बंद पडतात. कुठलं कुत्रं कशात मोडतं हे आधी कळायची सोय नाही, म्हणून सुरक्षित प्रमाण असं नाहीच. बेदाणा म्हणजे सुकवलेलं द्राक्ष, तेव्हा त्यात सगळं दाटून आलेलं. पहिल्या दिवसात उलट्या होतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा थांबते. बेदाण्याचा लाडू खाल्ला असं नुसतं कळलं, तरी लक्षणं दिसायची वाट न बघता निघायचं.

फराळाचे डबे खाली ठेवायची सवय असेल तर त्या आठवड्यापुरते वर चढवा. बंड्याने एकदा स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडलं होतं. नशिबाने त्यात नुसती शेव होती.

पुरणपोळी? होळीला आणि बेंदराला दारातल्या सगळ्या जनावरांना द्यायची पद्धत आहे.

पद्धत मोडू नका. पोळीचा अंगठ्याएवढा तुकडा द्या, तूप न लावता. पुरणातल्या चिमूटभर जायफळाने काही होत नाही, गुळानेही विषबाधा होत नाही, पण अख्खी पोळी म्हणजे लहान कुत्र्याचं अर्ध्या दिवसाचं जेवण. मधुमेह असलेल्या कुत्र्याला तेवढा तुकडाही नको. कटाची आमटी मात्र कुणालाच नको, त्यात आपली चटणी असते.

चहात बुडवलेलं बिस्किट?

चहा नको. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त त्रास होतो, छाती धडधडते, कुत्रं बेचैन होतं. एका घोटाने काही व्हायचं नाही, पण रोज बशी चाटायला द्यायची सवय लावू नका. वापरलेली चहापत्ती आणि कॉफीची पूड कचऱ्यात टाकताना बांधून टाका. साधं बिस्किट चालतं, मोजून. क्रीमचं नको, चॉकलेटचं तर नकोच.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं ताजं धारोष्ण दूध दिलं तर अंग धरेल ना?

दूध कट्टा आपला अभिमान आहे, आणि आमच्या घरातली मुलं ते दूध पिऊनच वाढली. पण कुत्र्याचं गणित वेगळं. पिल्लू आईचं दूध सोडतं, त्यानंतर दुधातली साखर पचवणारा पाचक रस त्याच्या पोटात कमी होत जातो. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध दिलं की बऱ्याचदा जुलाब होतात. शिवाय म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के चरबी, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. ते पचवायलाही जड. अंग धरायला अंडं द्या, उकडलेलं. दही आणि ताक त्यामानाने सोसतं, कारण विरजण लागताना त्यातली बरीच साखर संपते. ताकात मीठ, जिरे, कोथिंबीर घालायच्या आधी त्याची वाटी काढून ठेवा. ज्वारीची भाकरी आणि पातळ ताक हे तांबीचं उन्हाळ्यातलं ठरलेलं दुपारचं खाणं आहे.

वाढदिवसाचा केक? चॉकलेटचा तुकडा?

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावाचा घटक असतो. कुत्र्याच्या शरीरात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात, म्हणून तो साचून राहतो. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दहा किलोच्या कुत्र्याला दुधाच्या चॉकलेटचे साधारण १०० ग्रॅम खाल्ल्यावर पहिला त्रास होतो. काळ्या कडू चॉकलेटचे चाळीसेक ग्रॅमच पुरतात, आणि घरी केकसाठी आणलेली कोको पावडर दोन मोठे चमचे. म्हणजे गोळीएवढा दुधाच्या चॉकलेटचा तुकडा गेला तर रात्र जागायची गरज नाही. कोकोचा डबा सांडून चाटला असेल तर आहे.

आमच्या घरात मधुमेहामुळे सगळं शुगर-फ्री असतं. ते कुत्र्याला चांगलं असेल ना?

हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात तिघांनी विचारला, म्हणून मुद्दाम घेतला. शुगर-फ्री च्युइंगम, काही गोळ्या, काही पीनट बटर, काही टूथपेस्ट यांत साखरेऐवजी झायलिटॉल असतं. आपल्याला ते चालतं, कुत्र्याला अजिबात नाही. त्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सुटतं, अर्ध्या-एक तासात साखर उतरते, कुत्रं झोकांड्या खातं, कोसळतं. जास्त प्रमाणात यकृतही जातं. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत झायलिटॉल हे नाव किंवा ९६७ हा आकडा दिसला तर ती वस्तू कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवू नका. पाहुण्यांच्या पर्सा जमिनीवर असतात आणि च्युइंगम बहुतेक तिथूनच मिळतं.

फळं कुठली द्यावीत?

केळ्याचे दोन काप, बी काढलेल्या सफरचंदाची फोड, पपई, पेरू, बिया काढलेलं कलिंगड. भाज्यांत गाजर, काकडी, उकडलेलं रताळं, लाल भोपळा. बंड्याला गाजराच्या कुरकुर आवाजाचंच वेड आहे. फ्रिजमधलं थंड गाजर दिलं की तो ते घेऊन बाल्कनीत जातो, दोन पायांत उभं धरतो आणि टोकापासून संपवत येतो.

आंबा द्या, कोय देऊ नका. कोय गिळली की आतड्यात अडकते आणि पोट उघडून काढावी लागते. मे महिन्यात कोयी आणि साली अंगणात पडू देऊ नका. सीताफळाच्या आणि चिकूच्या बियाही काढा. द्राक्षाचं वर सांगितलंच.

पन्हाळ्यावर भाजलेलं कणीस घेतलं की तो सोडतच नाही.

दाणे काढून द्या, लिंबू-तिखट-मीठ लावायच्या आधी. दाणे काढलेला दांडा हातात राहतो तो फेकू नका. कुत्रं त्याचे मोठे तुकडे करून गिळतं, ते पचत नाहीत आणि आंब्याच्या कोयीसारखेच अडकतात. पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून फेकलेले दांडे गडावरची कुत्री खातात. तेही नका करू.

उसाचं तसंच. शेतावरच्या कुत्र्यांना कांडं चघळताना सगळ्यांनी बघितलंय. रस विषारी नाही, पण चिपाड गिळलं तर पोटात गोळा होतो. गूळ म्हणजे शेवटी साखरच. गुऱ्हाळावर गेल्यावर बोटभर चाटू दिलात तर हरकत नाही.

वेफर्स, कुरकुरे, फरसाण?

नको. मीठ, तेल आणि बहुतेक मसाल्यांत कांदा-लसणाची पूड. पाकीटही धोक्याचं आहे: कुत्रं आतलं चाटायला तोंड घालतं, ते डोक्यावर घट्ट बसतं आणि श्वास कोंडतो. पाकीट टाकताना उभं फाडून टाका.

गोचिडांवर लसणाची पाकळी द्यावी असं शेजारच्या काकू सांगतात.

काकूंचा हेतू चांगला आहे. पण लसणाने गोचिड जात नाही आणि रक्त कमी होतं. गोचिडांमुळेच कुत्र्यांना रक्त कमी करणारे ताप येतात, त्यात वर लसूण म्हणजे दोन्हीकडून मार. डॉक्टरांकडून वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या.

आमचा लॅब्रॅडॉर जेवल्यावरही ताटाकडे टक लावून बसतो. उपाशी राहतो का तो?

उपाशी नसतो. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते आणि त्यांचं वजनही वाढतं. बंड्याकडे बघितलं की मला ते पटतं. तेव्हा त्याचे डोळे बघून पोटाचा अंदाज बांधू नका. बरगड्यांवरून हात फिरवा. हलका हात फिरवताना बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. पश्मी किंवा मुधोळ असं सडपातळ शिकारी कुत्रं असेल तर त्याच्या बरगड्या नुसत्या दिसतात. ते कुत्रंच तसं, त्याला भरवून गोल करू नका.

टक लावणं कमी करायचं असेल तर ताटातून देणं सगळ्यांनी बंद करायला हवं. द्यायचंच तर आपलं जेवण झाल्यावर, त्याच्या भांड्यात, त्याच्या जागेवर. पहिले आठ-दहा दिवस तो कुरकुरेल, भुंकेल. त्या दिवसांत एकाने जरी चोरून घास टाकला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

गल्लीतल्या कुत्र्यांना रोज बिस्किटं टाकतो. बरोबर आहे ना?

टाकता हे बरंच आहे. पण नुसत्या बिस्किटांवर पोट भरलेलं कुत्रं आतून कुपोषित राहतं. तेवढ्याच पैशात तांदळाची कणी शिजवून त्यात एखादं अंडं घाला, बिनमिठाचं. पाण्याची कुंडी भरून ठेवा, उन्हाळ्यात तर नक्की. आदल्या दिवशीचा उरलेला रस्सा किंवा बिर्याणी "रस्त्यावरच्यांना सगळं पचतं" म्हणून ओतू नका. त्यांची मूत्रपिंडं आणि रक्त बंड्या-तांबीसारखंच आहे. खायला घालायची जागा लहान मुलं खेळतात तिथून, जिन्यापासून आणि इमारतीच्या दारापासून लांब निवडा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही हेच सांगितलं आहे, आणि त्याने गल्लीतली भांडणंही टळतात.

नको ते खाल्लंच, तर लगेच काय करायचं?

आधी उरलेलं काढून घ्या आणि किती गेलं याचा अंदाज घ्या. मग डॉक्टरांना फोन. बेदाणा, चॉकलेट, कांदा असं काही असेल तर पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर उलटी करवून बरंचसं बाहेर काढू शकतात. नंतर ते आतड्यात उतरतं. झायलिटॉल खाल्लं असेल तर तेवढाही वेळ नाही.

मिठाचं पाणी पाजू नका. आपल्याकडे हा उपाय हमखास सांगतात, पण मिठानेच कुत्र्याला विषबाधा होते. घशात बोटं घालू नका. दूध, तूप, हळद, काहीच नको. हाड किंवा कोय गिळली असेल तर उलटी करवणं आणखी धोक्याचं, येताना ती घशात रुतते.

डॉक्टरांना तीन गोष्टी लागतात: काय आणि किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, आणि कुत्र्याचं वजन. पाकीट असेल तर फाटलेलं का होईना, सोबत न्या. उलटीचा मोबाइलवर फोटो काढा. रविवारी आणि रात्री तुमच्या भागात कोण डॉक्टर उपलब्ध असतात ते आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. असे प्रसंग नेमके पाहुणे असताना, सुट्टीच्या दिवशीच येतात.

वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहा, आकडा लिहा, मग त्याला खाली ठेवून एकटे उभे राहा आणि वजा करा. बंड्या मला उचलवत नाही, त्याला माझा मुलगा उचलतो. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही हे करतो आणि आकडा कॅलेंडरवर लिहितो. या महिन्यात तांबी चौदा किलो दोनशे ग्रॅम भरली.